पिशवीवरची यादी पाहून मी आता मत का देत नाही

‘पिशवीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवला आहे, यादी पाहून खाद्य चांगलं की वाईट एवढंच सांगा,’ असा निरोप मला आजही येतो, आणि मी लगेच निकाल दिला नाही की पाठोपाठ दुसरा येतो, ‘पूर्वी तर तुम्ही लगेच सांगायचात.’ होय, सांगत असे. कुत्री पाळणाऱ्या माझ्या ओळखीच्या लोकांत कोरड्या खाद्याची पिशवी वाचून निकाल देणारी म्हणून माझे नाव होते, आणि ते मी मेहनतीने मिळवलेले होते. ते काम मी का सोडले हे प्रत्येकाला तुटक तुटक सांगून मी थकले आहे. शिवाय अर्धवट ऐकून ‘ही आता मोठ्या कंपन्यांच्या बाजूची झाली’ असा समज पसरला आहे, तो मला लागतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. तिच्यात मी प्रत्येक खाद्याला 100 पैकी गुण देत असे. पहिला घटक प्राण्याचे नाव घेऊन सांगितलेले मांस असेल तर 20 गुण मिळत. मका दिसला की 10 वजा, गहू दिसला की पुन्हा वजा, ‘बाय-प्रॉडक्ट’ (मांस सोडून जनावराचे इतर भाग) हा शब्द आला की 15 वजा. खाद्य टिकवणारी बीएचए किंवा बीएचटी ही कृत्रिम रसायने घातलेले खाद्य सरळ नापास होई आणि त्याऐवजी टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्व, वापरलेले असेल तर गुण वाढत. रात्री जेवणे झाल्यावर मी भिंग घेऊन पिशवीवरची बारीक अक्षरे वाचत बसे. ते काम मी मन लावून केले, आणि कुणाला फसवण्यासाठी केले नाही.

त्या वहीतले सगळेच खोटे होते असे नाही, हे आधी सांगायला हवे. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण ते वजन शिजवण्यापूर्वीचे असते. ताज्या चिकनमध्ये सुमारे 70 टक्के पाणी असते. 100 किलो मिश्रणात 25 किलो ताजे चिकन घातले तर ते यादीत पहिले येऊ शकते, पण दाणा यंत्रातून बाहेर पडून वाळेपर्यंत त्यातला कोरडा भाग साडेसात किलोच्या आसपास उरतो. उलट तिसऱ्या क्रमांकावरचे 15 किलो ‘चिकन मील’, म्हणजे आधीच शिजवून, चरबी काढून, वाळवून दळलेले चिकन, जवळजवळ तेवढेच राहते. त्यामुळे दाण्यातले बरेचसे मांस त्या तिसऱ्या नावाचे असते. प्राण्याचे नाव न घेता नुसते ‘मीट अँड बोन मील’ लिहिले असेल तर दर खेपेला मूळ जनावर बदलू शकते. मीठ साधारणपणे एक टक्क्याच्या आत असते, म्हणून मिठानंतर आलेल्या ब्लूबेरी आणि क्रॅनबेरी खाद्यात जेमतेम असतात, पिशवीच्या चित्रात त्या कितीही मोठ्या दिसोत. हे सगळे मी आजही खरे मानते.

तांबी माझी गोल्डन रिट्रीव्हर. 2016 मध्ये, ती चार वर्षांची असताना, तिचे चालू खाद्य मी बंद केले. ते तिला मानवत होते. अंगावर तकाकी होती, शी घट्ट होत होती, वजन जागेवर होते. पण माझ्या वहीत त्या खाद्याला 54 गुण होते, कारण त्यात मका होता आणि कोंबडीचे बाय-प्रॉडक्ट होते. नवे खाद्य ग्रेन-फ्री, म्हणजे धान्य नसलेले, होते आणि त्याला 92 गुण मिळाले. त्याची यादी मला आजही पाठ आहे: ताजे चिकन, वाटाणा, मसूर, चिकन मील, वाटाण्याचे प्रथिन, काबुली चणे, चिकनची चरबी, वाटाण्याचे तंतू. मी ती शेजारच्या काकूंना वाचून दाखवली आणि त्यांच्या पिशवीवरच्या मक्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘काकू, हे नुसतं पोट भरायला घातलेलं आहे.’ त्या एवढेच म्हणाल्या, ‘त्याला पचतं गं.’ त्यांनी खाद्य बदलले नाही. माझ्या दिरांनी मात्र माझ्या शब्दाखातर आपल्या दोन्ही कुत्र्यांचे बदलले.

सप्टेंबर 2018 मध्ये तांबी जिना चढताना मधल्या पायरीवर थांबली. ती बसली नाही, नुसती उभी राहिली आणि वर पाहत राहिली. वजन वाढले असेल असे समजून मी तिचे खाणे थोडे कमी केले, म्हणजे त्याही वेळी माझे लक्ष वाटीकडेच गेले. चौथ्या दिवशी दाराची घंटा वाजल्यावर ती धावत गेली आणि चार पावलांवर मागचे पाय फाकून पडली. शुद्ध अर्ध्या मिनिटात आली असेल. मला ते अर्धे मिनिट आठवते ते तिच्या हिरड्यांच्या रंगासाठी. त्या राखेसारख्या झाल्या होत्या.

डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. पडद्यावर हृदयाचा डावा कप्पा दिसत होता. तो फुगलेला होता, आणि भिंती एकमेकींजवळ येऊन रक्त पुढे ढकलण्याऐवजी जागच्या जागी हलत होत्या. आजाराचे नाव डायलेटेड कार्डिओमायोपॅथी. हृदयाचे स्नायू अशक्त होऊन ते पसरत जाते. डॉक्टरांनी विचारले, ‘काय खाते ही?’

या प्रश्नाची तयारी माझ्याइतकी कुणाची नसेल. मी ब्रँड सांगितला, पूर्ण यादी सांगितली, प्रथिन 30 टक्के आहे हे सांगितले. त्यांनी मध्ये न बोलता ऐकले आणि विचारले, ‘ही कृती कुणी बसवली आहे? कंपनीकडे प्राण्यांच्या पोषणाचा कुणी तज्ज्ञ आहे का? हे खाद्य कुत्र्यांना घालून पाहिलेलं आहे का?’ मला यातले काहीच माहीत नव्हते. दोन वर्षे मी तिला ते दिवसातून दोनदा मोजून घालत होते, आणि ते कुणी तयार केले हा प्रश्न मला एकदाही पडलेला नव्हता. मी म्हणाले, ‘पण पहिला घटक चिकन आहे.’ डॉक्टर म्हणाले, ‘आपण तिच्या रक्तातलं टॉरीन तपासून घेऊ.’

टॉरीन हे हृदयाच्या स्नायूंना लागणारे अमिनो आम्ल; ते कमी निघाले. हृदयाची ताकद वाढवणारी पिमोबेंडनची गोळी, फुप्फुसांत पाणी साठू नये म्हणून फ्युरोसेमाइड आणि वरून टॉरीन असे उपचार सुरू झाले, आणि खाद्य बदलून तांदूळ आणि मका असलेले द्यायला सांगितले. झोपलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटाला 30 च्या आत असावा, म्हणून रोज रात्री ती झोपली की घड्याळ समोर ठेवून तिच्या बरगड्यांचे वर येणे मोजायचे होते. हाताशी दुसरे काही नव्हते म्हणून ते आकडे मी गुणांच्या वहीच्याच मागच्या पानांवर लिहिले: 44, 41, 43, 38. पुढून गुण आणि मागून श्वास असे कित्येक आठवडे चालले. आकडा 30 च्या खाली आला त्या रात्री मी पुन्हा पुन्हा मोजले, कारण माझाच विश्वास बसेना.

त्याच आठवड्यात मी दिरांना फोन केला. ‘भावजी, ती पिशवी बंद करा,’ असे म्हटल्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, ‘वहिनी, तुम्हीच तर म्हणाला होतात.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. दोन्ही कुत्र्यांचे इको करून घेतले. दोघांचीही हृदये ठणठणीत होती, आणि त्यांनीही तेच खाद्य तेवढाच काळ खाल्ले होते.

आता ज्या बाईने तांबीला 92 गुणांचे खाद्य घातले, तिच्याशी मला भांडायचे आहे. काही कंपन्या मका, मक्याचे पीठ, मक्याचे ग्लूटेन अशी एकाच धान्याची तीन नावे करतात, म्हणजे प्रत्येकाचे वजन कमी भरते आणि मांस वर राहते, ही युक्ती तिला माहीत होती आणि ती लोकांना ती अभिमानाने समजावून सांगत असे. मग वाटाणा, वाटाण्याचे प्रथिन आणि वाटाण्याचे तंतू ही तीन नावे तिला एक का वाटली नाहीत? त्यांत मसूर आणि चणे मिळवले असते तर त्या पिशवीतला सर्वांत मोठा घटक कडधान्य होते हे तिच्या लक्षात आले असते. 30 टक्के प्रथिन तिने मनोमन चिकनच्या खात्यावर मांडले, पण त्यातला मोठा वाटा वाटाण्याचा होता. कडधान्यात मेथिओनिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक घटक, कमी असते, आणि कुत्र्याचे शरीर मेथिओनिन आणि सिस्टीन यांपासूनच टॉरीन बनवते. ती म्हणते की हे 2016 मध्ये पिशवी घेणाऱ्या माणसाला कुठून कळणार होते? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण नियम तिला माहीत होता आणि तो तिने नावडत्या घटकाला लावला व आवडत्या घटकाला लावला नाही, एवढे तिने मान्य करावे असे मला वाटते.

यावरून ‘ग्रेन-फ्रीने तुमचं कुत्रं आजारी पडलं’ असा निष्कर्ष काढून मला सांगणारे लोकही आहेत, आणि त्यांचाही मला तितकाच त्रास होतो. मी तसे म्हटलेले नाही. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने जुलै 2018 मध्ये अशा खाद्यांचा आणि या आजाराचा संबंध तपासत असल्याचे जाहीर केले, जून 2019 मध्ये तक्रारींत वारंवार आलेल्या 16 ब्रँडची नावे प्रसिद्ध केली, आणि डिसेंबर 2022 मध्ये, नवी ठोस शास्त्रीय माहिती येईपर्यंत या विषयावर पुढे निवेदने काढणार नाही असे कळवले. खाद्यामुळेच आजार होतो असे सिद्ध झाल्याचे त्यांनी कधी म्हटले नाही. गोल्डन रिट्रीव्हरमध्ये टॉरीन कमी असण्याची प्रवृत्ती आढळलेली आहेच. तांबीला गोळ्या, टॉरीन आणि नवे खाद्य एकदमच सुरू झाले, त्यामुळे 11 महिन्यांनी इकोमध्ये जी सुधारणा दिसली ती कशामुळे झाली हे सांगता येत नाही. एकेक गोष्ट बदलून पाहायला ती काही प्रयोगशाळेतली नव्हती. ती 2021 मध्ये गेली, प्लीहेच्या गाठीतून रक्तस्राव होऊन, हृदयाने नाही.

आणि मक्याचे काय? ‘मका म्हणजे पोट भरणे’ हे वाक्य मी शेकडो वेळा बोलले आहे, ते आता बोलवत नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात स्टार्च पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात बऱ्याच जास्त आढळल्या. नीट शिजलेला मका कुत्र्याला चांगला पचतो. मुळात दाणा फुगून एकसंध राहायला स्टार्च लागतोच, मग तो मक्याचा असो, बटाट्याचा असो किंवा वाटाण्याचा. बाय-प्रॉडक्ट म्हणजे केस, शिंगे आणि खूर असे मी सांगत असे. अमेरिकेतल्या पशुखाद्याच्या व्याख्येत नेमके तेच वगळलेले आहे आणि यकृत, प्लीहा, मूत्रपिंड, फुप्फुस हे त्यात धरलेले आहे. तरीही त्या शब्दाखाली एखाद्या कारखान्यात चांगले यकृत येत असेल आणि दुसऱ्यात निकृष्ट माल येत असेल, आणि पिशवीवर दोघांचा शब्द एकच असेल. माझे दुखणे हेच आहे. टक्केवारीचेही तसेच. ‘क्रूड प्रोटीन’ म्हणजे नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणलेला आकडा असतो. 2007 मध्ये उत्तर अमेरिकेत मूत्रपिंडे निकामी होऊन कुत्री-मांजरे मेली, तेव्हा गव्हाच्या ग्लूटेनमध्ये, म्हणजे गव्हातून काढलेल्या प्रथिनात, मेलामाइन हे औद्योगिक रसायन मिसळलेले निघाले; मेलामाइनमध्ये वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश नायट्रोजन असतो, त्यामुळे प्रथिनाचा आकडा वाढत होता. त्या पिशव्या तेव्हा मी भिंगातून वाचल्या असत्या तरी मला गव्हाचे 10 गुण वजा करण्यापलीकडे काही दिसले नसते.

म्हणून आता कुणी फोटो पाठवला की मी आधी कुत्र्याचे वय, वजन आणि जात विचारते, मग खाद्य कोणत्या वयासाठी पूर्ण आहे हे पिशवीवर लिहिले आहे का ते पाहायला सांगते. अमेरिकी मानकात कोरड्या भागावर मोजलेले किमान प्रथिन प्रौढ कुत्र्यासाठी 18 टक्के आणि वाढत्या पिल्लासाठी 22.5 टक्के आहे. मोठ्या जातीच्या पिल्लाच्या खाद्यात कॅल्शियम 1.8 टक्क्यांवर जाऊ नये, कारण जास्त झालेले कॅल्शियम हाडांची वाढ बिघडवते. मग कंपनीला पत्र लिहून कृती कुणी बसवली आणि कॅल्शियमचा नेमका आकडा किती ते विचारा, असे सांगते. उत्तर टाळले तर तेही एक उत्तर समजते. कुत्र्यांना प्रत्यक्ष घालून पाहिलेले खाद्य मला बरे वाटते, पण त्यावरही मी फार विसंबत नाही; त्या चाचणीत 8 कुत्री 26 आठवडे खातात, आणि तांबीचे हृदय पसरायला त्याहून बराच जास्त काळ गेला असावा.

हे ऐकून लोक नाराज होतात. त्यांना गुण हवे असतात आणि ते मीच त्यांना शिकवले. काल एका ताईंनी यादीचा फोटो पाठवला. यादी सुंदर आहे. वहीच्या हिशेबाने 90 च्या पुढे जाईल. मी त्यांना वरचे प्रश्न लिहून पाठवले. त्यांचे उत्तर आले, ‘ते ठीक आहे, पण चांगलं की वाईट?’ कुत्र्याचे वय आणि वजन त्यांनी अजून कळवलेले नाही. आज संध्याकाळी मी स्वतः फोन करून विचारणार आहे.