सड्यावर झाडं लावायला माझा विरोध का, तुम्ही विचारलंत म्हणून

"वनस्पतीशास्त्र शिकवलंत आणि झाडं लावायला विरोध करता?" हे मला लग्नात, एसटीत, बँकेच्या रांगेत विचारून झालंय. सुरुवातीला समजावून सांगायचे, मग चिडायला लागले, हल्ली विषयच बदलते. तरी जून लागला की प्रश्न येतोच. म्हणून एकदा बसून लिहिते.

मी बोलते ते फक्त सड्यापुरतं, म्हणजे कोकणातल्या जांभ्या दगडाच्या उघड्या पठारापुरतं. परसात लावा, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने लावा, डोंगर उतारावर जिथे जंगल तोडलंय तिथे तर लावाच. खड्डे खणायला मी येईन. कातळावर नको.

सडा तुम्ही बघता तो मे महिन्यातला, काळपट, तापलेला, पाय ठेववत नाही असा. त्याला ओसाड म्हणायचं तर मे महिन्यात म्हणा. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एवढं पाणी जांभ्यावरून धावतं तेव्हा खळग्यात साठलेल्या बोटभर मातीतलं नत्र, स्फुरद धुऊन जातं. मग पुढचे आठ महिने थेंब नाही. म्हणजे इथे राहायचं तर एकाच वर्षात दलदलही सोसायची आणि वाळवंटही.

ज्याने त्याने यावर आपापली तोड काढली आहे. गेंद पावसाबरोबर उगवतो, फुलतो, बी टाकतो आणि उन्हाच्या आधी संपतो. उन्हाळा त्याचं बीच तेवढं बघतं. दीपकाडीचा कांदा फटीतल्या मातीत दडून राहतो आणि पहिल्या पावसात पांढरी फुलं वर काढतो. ट्रायपोगॉन वंशातली काही गवतं तर पूर्ण वाळतात, हातात चुरा व्हावा इतकी, आणि भिजली की तीच पानं पुन्हा हिरवी होतात.

सीतेची आसवं नावाची वनस्पती बघायला मात्र पालथं पडावं लागतं. वर जांभळं फूल, नखाएवढं. चिखल हलक्या हाताने धुतला तर खाली मूळ म्हणावं असं काही नसतं. दोऱ्यासारखे धागे आणि त्यांना लागलेल्या पारदर्शक पिशव्या, मोहरीहूनही बारीक. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून स्वतःला आक्रसून घेते. तोंडाशी केस असतात. एखादा सूक्ष्म जीव केसाला लागला की झडप उघडते, पाणी आत खेचलं जातं, जीवही जातो, झडप बंद. पापणी लवायच्या कितीतरी आधी. जमिनीत नत्र नाही, ते ही वनस्पती असं मिळवते. शेजारी दवबिंदू नावाचं रोपटं उभं असतं, केसरी पानांवर चिकट थेंब घेऊन, आणि त्यात चिलटं अडकलेली.

आता माझं खरं म्हणणं. अशी पिशवी बनवणं, असा चिकट थेंब रोज गाळत राहणं महाग पडतं. ऊन भरपूर, पाणी भरपूर आणि माती भुकेली असेल तरच हा व्यवहार परवडतो. मातीत नत्र वाढलं की ज्याला सापळा लागत नाही असं गवत भराभर उंच होतं आणि ही इवलीशी झाडं त्याच्या सावलीत मरतात. त्यांना कुणी तोडायची गरज नाही. चांगली माती द्या, सावली द्या, खत द्या, पुरे. गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ ही आपली लाडकी झाडं हवेतलं नत्र मातीत आणणारीच आहेत.

प्राण्यांचंही तेच. टिटवी उघड्या कातळावर अंडी घालते. ठिपके असे की पायाशी असून दिसू नयेत. उन्हात ती पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंडी गार करते. कावळ्याला टेहळायला आजूबाजूला फांदी नसते, हा तिच्या सोयीचा भाग आहे. आंबोलीच्या सड्यावर एक टोड, म्हणजे बेडकाचाच भाऊबंद, आहे, 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली. तो पावसाळ्याच्या तोंडावर कातळावरच्या उथळ पाण्यातच अंडी घालतो. त्या खळग्यात माती भरली की त्याने जायचं कुठे?

कास पठार 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं. तिथे फुलं बघायला गाड्या भरून जाणारी माणसं परत येऊन आमच्या सड्याला ओसाड म्हणतात, हे मला आजही लागतं. गेंद, दवबिंदू, सीतेची आसवं तिथेही आहेत आणि इथेही.

आता ते सांगते, ज्याबद्दल लोक अर्धवट ऐकून विचारतात. माझ्या माहेरच्या गावात सड्यावर वृक्षारोपण ठरलं. चुलतभाऊ पंचायतीत होता. त्याचा फोन आला, "ताई, पहिलं झाड तुझ्या हातून लावायचं. गावची शिकलेली लेक तू." मी जागा विचारली. तो म्हणाला, "वरचा सडा, दुसरी कुठली मोकळी जागा आहे?" मी नको म्हणाले. तो म्हणाला, ये तर खरी, बोलू.

मी पोचले तेव्हा बोलायचं काही उरलं नव्हतं. आदल्या दिवशीच जेसीबीने खड्डे मारलेले. डंपरने लाल माती आणून ओतलेली, आणि पावसाने ती खड्ड्यांतून वाहून सगळ्या खळग्यांत पसरलेली. जिथे मी मुलांना दवबिंदू दाखवायला आणायची तिथे लाल गाळ होता. शाळेची पोरं रेनकोट घालून रांगेत उभी. एका मुलीने माझ्या हातात रोप दिलं, दुसरीने नारळ.

मी रोप लावलं नाही. ते परत त्या मुलीच्या हातात दिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले की इथे जे होतं ते तुम्ही आज पुरलंत. भाऊ खालच्या आवाजात म्हणाला, "अगं, झाडं लावतोय, सुरुंग नाय लावत." मागून कुणीतरी म्हणालं, शिकलेल्या माणसांना गावाचं बरं बघवत नाही. ती मुलगी माझ्याकडे बघत होती, तिचं काय चुकलं ते तिला कळत नव्हतं. मी तशीच उतरून खाली आले. त्या वर्षी गणपतीला गेले तेव्हा भाऊ आरतीला माझ्या शेजारी उभा राहिला नाही.

टँकर होता तोवर रोपं जगली. मार्चपर्यंत बहुतेक वाळली, गिरिपुष्प तेवढं टिकलं. पुढच्या पावसात त्याच्याभोवती कमरेएवढं गवत आणि रानमोडीचं तण. लोक विचारतात, रोपं मेली तेव्हा बरं वाटलं असेल ना? नाही. खळगे परत आले नाहीत आणि पोरांची झाडंही गेली, यात बरं वाटण्यासारखं काय आहे?

पूर्वी कुणी "या चिमुरड्या फुलांचा उपयोग काय" म्हटलं की मी उत्तर द्यायला नकार द्यायची. असायला परवानगी म्हणून उपयोग दाखवावा लागत नाही, असं म्हणायची. हल्ली मी पाण्याचं सांगते: सड्यावरचा पाऊस सच्छिद्र जांभ्यातून झिरपतो आणि खालच्या झऱ्यांना, विहिरींना मिळतो. हे खरं आहे, आणि लोक ऐकतात. पण पूर्वीची मी मला विचारते, उद्या कुणी दाखवलं की चार झाडांनी विहिरीला काही होत नाही, तर दवबिंदू पुरू देशील? तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. तरी पाण्याचं सांगणं मी सोडणार नाही.

आणि कलमं? कातळात सुरुंग लावून, माती भरून लावलेल्या हापूसवर आमच्या घरातली शिक्षणं झाली. माझी कॉलेजची फी त्यातूनच गेली. ती कलमं उपटा असं मी म्हणत नाही, म्हणूही शकत नाही. उरलेला सडा राहू द्या, एवढंच मागते. हे सोयीचं आहे असं कुणाला वाटलं तर मी भांडणार नाही.

यंदा भावाने आधीच बोलावलं, जागा दाखवायला. शाळेच्या वाटेवर पोरांना सावली हवी, हे त्याचं पहिल्यापासूनचं म्हणणं आहे आणि ते मला कधीच खोडता आलं नाही. चढणीला माती आहे, तिथे वड, जांभूळ लावा म्हटलं, तो लगेच हो म्हणाला. मग वरच्या वळणावर, भर कातळात, त्याने फटीतून आपोआप आलेला पिंपळ दाखवला. "हा चालतो ना तुला? मग त्याच्या शेजारी मी एक लावला तर का नाय चालत?" एक चालेल, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण एकाचे किती होतात ते मी पाहिलंय. पाऊस पडल्यावर तिथे काय उगवतं ते बघून सांगते म्हटलं. तो म्हणाला, "तोवर वनमहोत्सव संपेल, ताई."