आधी डोळे काढा

मी राहते ते आम्स्टलव्हेन अ‍ॅमस्टरडॅमला अगदी लागून. इथल्या मुलांना चित्रकला शिकवताना मला कारेल आपेल हा डच चित्रकार फार जवळचा वाटतो. जाड काळी रेघ, भडक रंग, मानेशिवाय थेट धडावर बसलेलं डोकं. १९४९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरपालिकेच्या कँटीनमध्ये त्याने ‘प्रश्न विचारणारी मुलं’ हे चित्र भिंतीवर केलं. कर्मचाऱ्यांनी इतकी ओरड केली की पुढे दहा वर्षं ते झाकून ठेवावं लागलं!

यंदा मे महिन्यात वेंगुर्ल्याला माहेरी आले, तेव्हा भाचरांना आणि वाडीतल्या पोरांना घेऊन खळ्यात बसले. पेन्सिल, खोडरबर आधीच काढून घेतलं. बारीक टोक हातात आलं की मूल नखं, बटणं काढत बसतं आणि माणूस कागदाच्या कोपऱ्यात आक्रसतो. म्हणून टोक चेचलेलं सोडण, म्हणजे नारळाच्या सालीचा तुकडा, दिलं, करवंटीत काळा रंग आणि जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ. सांगितलं एवढंच, की आधी डोळे काढा, मुठीएवढे, आणि माणूस कागदाच्या चारी कडांना टेकू दे.

“आत्ये, ह्येका मान खंय?” एकाने शेजारच्याच्या कागदाकडे बोट दाखवून विचारलं. “तो रागावलोहा,” शेजारचा म्हणाला. रागावलेल्या माणसाचे खांदे कानापर्यंत चढतात, हे त्या पोराने पाहिलेलं होतं. अशा वेळी मोठ्यांनी मान काढायला सांगू नये. प्रमाणबद्धता पुढे शाळा शिकवेलच.

आपेलची चित्रं मी शेवटी दाखवली. आधी दाखवली असती, तर पोरांनी तीच उतरवली असती.

आणि अशी चित्रं बघायला हॉलंडला यायची गरजच नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला. एका बाजूने दिसणारे चेहरे, त्यांत मोठाले टपोरे डोळे, ठसठशीत रेघ. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये याच कलेसाठी पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या गोठ्यातच संग्रहालय उभारलंय. सुट्टीत मुलांना तिथे जरूर न्या, पण आधी घरी त्यांची स्वतःची माणसं काढून होऊ देत.