घरी ऑइल बदलताना फरशी कोरडी ठेवणं: काम कुठवर आलं

गाडी जुनी स्विफ्ट, 1.2 पेट्रोल. फिल्टरसकट 3.1 लिटर ऑइल. जागा सोसायटीचं पार्किंग आणि खाली शहाबादी फरशी. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. तो ऑइल पितो, आणि डाग काढायला ॲसिड ओतलं तर दगडच खाल्ला जातो. म्हणून पुसण्यापेक्षा सांडूच न देण्यावर सगळा भर आहे.

ड्रेन बोल्टचा, म्हणजे जुनं ऑइल सोडायच्या इंजिनखालच्या बोल्टचा, प्रश्न सुटल्यात जमा आहे. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करतो आणि ऑइल कोमट होऊ देतो. कडक गरम ऑइल पातळ असतं, जोरात येतं, हात भाजतं आणि भांड्यात आपटून उडतं. वरचं फिलरचं झाकण सुरुवातीला बंदच ठेवतो. आत हवा कमी शिरते, त्यामुळे पहिली धार मवाळ येते. बोल्ट शेवटच्या आट्यांवर आला की तो आत दाबून धरत फिरवायचा आणि सुटला असं बोटांना कळताच झटकन बाजूला घ्यायचा. मग झाकण उघडायचं.

भांडं कुठे ठेवायचं हे धारेकडे बघून ठरतं. बोल्ट आडवा असेल तर धार आधी लांब पडते आणि चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) रिकामं होत जातं तशी मागे सरकते. गोल घमेलं यात कमी पडतं. 5 लिटरचा जुना कॅन आडवा करून वरची बाजू कापली, की लांबट ट्रे तयार होतो. तो धारेच्या दिशेत ठेवायचा. गाडी रॅम्पवर असेल तर ट्रेखाली विटा लावून तो वर आणा. धार जितकी कमी उंचीवरून पडेल तितकं उडणं कमी, आणि शेवटची बारीक धार वाऱ्याने वाकडीही होत नाही. (नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. रॅम्प किंवा जॅक स्टँड हवाच.)

खरी घाण होते ती फिल्टरमुळे. आत रबराची झडप असते, ती ऑइल मागे जाऊ देत नाही. त्यामुळे तासभर थांबलं तरी फिल्टर भरलेलाच राहतो, आणि तो आडवा बसलेला असेल तर सैल होताच ऑइल इंजिनच्या ब्लॉकवरून ओघळतं. सध्या सगळ्यात चांगली साथ देतेय ती एक लिटरच्या दुधाची धुतलेली पिशवी. फिल्टर पान्याने जेमतेम सैल करायचा, त्यावर पिशवी चढवायची, आणि पुढचं सगळं पिशवीवरूनच हाताने फिरवायचं. फिल्टर आत पडतो, ऑइलही आतच. तरी बैठकीच्या खालच्या कडेवरून थोडं निसटतं. तिथे स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची चार पदरी पन्हळ दाबून बसवली, की ते ट्रेमध्ये येतं. स्क्रूड्रायव्हर घुसवून फिल्टर फिरवायची पद्धत मला मुळीच पटत नाही. पत्रा फाटतो आणि फिल्टर तिथेच अडकू शकतो.

इथे एक तपासणी सोडू नका: जुन्या फिल्टरची रबरी रिंग त्याच्यासोबत निघाली का? ती ब्लॉकला चिकटून राहिली आणि वर नवी बसली, तर इंजिन चालू होताच दाबाने ऑइल बाहेर फेकलं जातं. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावून फिल्टर हातानेच आवळायचा. ड्रेन बोल्टला वॉशर नवा.

भरताना कॅनचं तोंड वरच्या बाजूला राहील असा कॅन आडवा धरा. हवा आत जात राहते, ऑइल गचके न देता येतं आणि नरसाळ्याबाहेर जात नाही.

चुकून थेंब पडलाच तर आधी लाकडाचा भुसा, मग मुलतानी मातीचा जाड लेप, पूर्ण वाळेपर्यंत. घासायची घाई केली तर डाग पसरतो.

जळकं ऑइल लाकडाला लावायला मागणारे भेटतात. मी देत नाही. 2016 च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. ते रिकाम्या कॅनमध्ये गाळून, नोंदणीकृत रिसायकलरकडे माल पाठवणाऱ्या गॅरेजला देतो. गटारात तर नाहीच.

पुढचा विचार ड्रेन बोल्टच्या जागी फुमोटोसारखा, तोटीसारखा उघडबंद होणारा व्हॉल्व्ह लावायचा. नळी जोडली की ऑइल थेट कॅनमध्ये. अडचण एकच: तो चेंबरखाली लोंबत असेल तर आपल्याकडच्या गतिरोधकांवर घासायची भीती. आधी बोल्टपासून जमिनीपर्यंतची उंची मोजतोय. कोणी स्विफ्टला बसवला असेल तर किती खाली येतो ते कळवा.