एक जीबीची कात्रणं चौसष्ट जीबीत मावेनात

शनिवारी दुपारी ग्रंथालयातून काकांचा फोन. "अरे, तुझा पेन ड्राइव्ह भरला म्हणतोय. अजून वीसेक हजार फाइली जायच्यात."

मला हसू आलं. जुन्या वर्तमानपत्रांतल्या कात्रणांचं टायपिंग आम्ही वर्षभर करत होतो. एका कात्रणाची एक टेक्स्ट फाइल, अशा ५ लाख. कात्रणात सहा-सातशे अक्षरं, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे फाइल साधारण २ केबीची. गुणाकार तोंडी होतो: १ जीबी. पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा, कोरा करकरीत. "व्हायरस असेल, काका," असं सांगून मोकळा झालो.

संध्याकाळी मात्र चैन पडेना. घरच्या लिनक्सवर मूळ फोल्डर होतंच. पायथॉनमध्ये चार ओळी लिहिल्या, प्रत्येक फाइलवर 'गेटसाइझ' चालवलं आणि बेरीज केली. आली १ जीबीच. पण ते फंक्शन फाइलीत किती बाइट आहेत एवढंच सांगतं, डिस्कवर तिने किती जागा अडवली ते नाही. डब्यात चमचाभर साखर असली तरी फडताळात अख्ख्या डब्याची जागा जाते, तसं आहे हे. डिस्क जागा देते ती ठरावीक मापाच्या तुकड्यांत. शेवटचा तुकडा अर्धा रिकामा राहिला तरी दुसऱ्या फाइलीला मिळत नाही.

मग पायथॉनच्याच 'ओएस.स्टॅट'कडे वळलो, ते फाइलीचा सगळा तपशील देतं. त्यात 'एसटी_ब्लॉक्स' म्हणून एक आकडा मिळतो. एका कात्रणाला विचारलं, उत्तर आलं ८. शेजारीच 'एसटी_बीएलकेसाइझ' होता, ४०९६. नावं बघून कुणीही करेल तेच मी केलं, दोन्हींचा गुणाकार. एकूण आलं १६ जीबी! क्षणभर वाटलं, सापडलं. पण टर्मिनलमध्ये 'डीयू', म्हणजे डिस्कवर अडलेली जागा मोजणारा आदेश, चालवला तर तो म्हणतो २ जीबी. बरोब्बर आठपट चूक, आणि एवढी नीटनेटकी चूक असली की समजावं, एककात घोळ आहे.

तसंच निघालं. पायथॉनच्या माहितीपानावर सरळ लिहिलंय की ब्लॉक्स मोजले जातात ५१२ बाइटांच्या मापाने. फाइल सिस्टिमचं माप ४०९६ असो की आणखी काही, त्याचा इथे संबंध नाही. ८ गुणिले ५१२ म्हणजे ४०९६, एक तुकडा, हिशेब जुळला. दुसरा आकडा फक्त एवढंच सुचवतो की एका दमात किती वाचलं-लिहिलं तर सोयीचं पडेल. ज्याने ही दोन नावं शेजारी ठेवली त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

रविवारी जाऊन तो पेन ड्राइव्ह घरी आणला आणि त्याच कात्रणाला तोच प्रश्न विचारला. उत्तर: २५६.

म्हणजे १,३१,०७२ बाइट. दोन केबीच्या फाइलीला १२८ केबीची खोली! पेन ड्राइव्ह एक्सफॅट नावाच्या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे फाइली मांडायच्या पद्धतीत, फॉरमॅट केलेला होता, आणि ३२ जीबीच्या वरचा ड्राइव्ह असला की विंडोज तिथे आपणहून १२८ केबीचा क्लस्टर, म्हणजे जागेचा तुकडा, धरतं. ४ लाख ८० हजार फाइली गुणिले १२८ केबी. व्हायरस-बियरस काही नाही, ड्राइव्ह खरोखरच भरला होता.

काकांच्या मशीनवरही हिशेब दिसावा म्हणून स्क्रिप्ट तिकडे नेली तर पहिल्याच ओळीला आपटली. विंडोजवरच्या पायथॉनला 'एसटी_ब्लॉक्स' नसतंच. तिथे विंडोजच्या 'गेटकॉम्प्रेस्डफाइलसाइझ' या फंक्शनला हाक मारावी लागते. साध्या फाइलीसाठी तेही मूळ आकारच देतं, म्हणून क्लस्टरचं माप 'गेटडिस्कफ्रीस्पेस'कडून घेऊन आपणच वरच्या पटीत न्यायचं. एका ३ जीबीच्या व्हिडिओचा आकार उणे आला तेव्हा कळलं की पायथॉनमधून अशी फंक्शनं बोलावणारं 'सीटाइप्स' परत आलेला आकडा चिन्हासकट वाचतो. परतीचा प्रकार बिनचिन्हाचा आहे हे आधी सांगून ठेवावं लागतं. विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमवर तर अगदी चिमुकली फाइल वेगळा क्लस्टर न घेता एमएफटीतल्या, म्हणजे फाइलींच्या तक्त्यातल्या, नोंदीतच राहते, त्यामुळे तिथे माझी पद्धत जरा जास्तच मोजते. सोडून दिलं, आपलं भांडण पेन ड्राइव्हशी होतं.

४ केबीच्या क्लस्टरने ड्राइव्ह पुन्हा फॉरमॅट करता आला असता. पण पाच लाख फाइली एकेक करून कॉपी होताना बघत बसायचं कुणी? वर्षावार झिप केल्या आणि दहा मिनिटांत काम झालं.

काकांना फोन करून सगळं नीट सांगितलं, अगदी साखरेच्या डब्यासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. मग तो अँटीव्हायरस कालपासून चालू ठेवलाय, तो आता बंद करू का?"