राजवाड्यामागचा ‘स्ट्रीट फायटर २’

कॅपकॉम या जपानी कंपनीने १९८७ साली काढलेला ‘स्ट्रीट फायटर’ या मारामारीच्या व्हिडिओ गेमचा पहिला भाग आज फारसा कुणाला आठवत नाही आणि त्यात नवलही नाही, कारण त्यातले खास डाव इतके अडेल होते की ते हुकमी लागतच नसत. अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा यांनी १९९१ च्या दुसऱ्या भागात नेमकी हीच गाठ सोडवली: यंत्रावरची दांडी (जॉयस्टिक) खाली, तिरकी आणि पुढे अशी फिरवून गुद्द्याचे बटण दाबले, की वेळेत थोडे मागेपुढे झाले तरी ‘हाडोकेन’, म्हणजे हातांतून फेकायचा ऊर्जेचा गोळा, सुटतो. एका ठोशाला जोडून लगेच दुसरा मारण्याची सोय, म्हणजे आजचा ‘कॉम्बो’, मोटार फोडण्याची बोनस फेरी तपासताना कॅपकॉमच्याच नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आली. ती ठरवून केलेली नव्हती, पण ती काढून न टाकण्याचा शहाणपणा त्यांनी दाखवला.

इंदूरला आम्ही रामबागेतल्या मुलांनी हा खेळ राजवाड्यामागच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये पाहिला. यंत्राला हरवण्यात तिथे कुणाला रस नव्हता. शेजारी येऊन उभ्या राहणाऱ्या अनोळखी मुलाला हरवायचे आणि हरणाऱ्याने नवे टोकन घालायचे, यावरच सारा धंदा चाले. कवट्यांची माळ घालून आग ओकणारा धालसिम भारताचा प्रतिनिधी म्हणून हास्यास्पदच वाटे (आमच्या आजीने त्याला अघोरी ठरवले असते), तरी त्याचे लांबणारे हात दुरून खेळणाऱ्याच्या फार कामी येत. १९९२ च्या ‘चॅम्पियन एडिशन’ या सुधारित आवृत्तीमध्ये दोघांनाही एकच पात्र घेता येऊ लागले, तेव्हा कुठे र्‍यू हे पात्र कुणी घ्यायचे यावरची भांडणे मिटली.