नारिंगी लघवीचे नऊ महिने

पहिला डोस घेतला आणि काही तासांनी बाथरूममधून मी ताईला ओरडून हाक मारली. लघवी चक्क नारिंगी-लाल झाली होती. मला वाटलं, रक्तच! ताई शांतपणे म्हणाली, "अगं, सिस्टर म्हणाल्या होत्या ना, त्या लाल गोळीने असं होतं म्हणून?" म्हणाल्या असतील. पण 'थुंकीत टीबीचे जंतू सापडलेत' हे वाक्य ऐकल्यावर पुढचं काहीच माझ्या कानात शिरलं नव्हतं. त्या दिवशी ताई सोबत होती म्हणून निभावलं.

हा रंग रिफॅम्पिसिनचा. लघवी, घाम, अश्रू, सगळं त्यात रंगतं आणि त्याने काही बिघडत नाही. माझ्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स मात्र कायमच्या पिवळट झाल्या, मग सगळे महिने चष्म्यावर काढले. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या औषधामुळे यकृत इतर औषधं झपाट्याने संपवून टाकतं. गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा डोस बदलावा लागतो. डॉक्टरांनी मला आधीपासून चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी मागितली तेव्हा मी अर्धीच सांगितली होती. गर्भनिरोधक गोळी ही काय 'औषध' म्हणून सांगायची, असं वाटलं. दुसऱ्या भेटीत सांगितली आणि उपाय बदलून घेतला.

एका गोळीत चार औषधं होती: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. किती गोळ्या घ्यायच्या ते वजनावर ठरलं. चार कशाला, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसातल्या असंख्य जंतूंमध्ये काही मोजके एखाद्या औषधाला आधीपासूनच जुमानत नसतात. ते एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात आणि रान या मोजक्यांना मोकळं होतं. 1940 च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन एकटंच देत असत, तेव्हा नेमकं हेच झालं. रुग्ण आधी छान सुधारत आणि मग अनेकांचा आजार उलटे.

गोळ्या सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या तासभर आधी. पित्ताची गोळी त्यांच्यासोबत घ्यायची नाही, तिच्यामुळे आयसोनियाझिड नीट शोषलं जात नाही. हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून वेगळी बी-6 ची गोळी. एक दिवस सकाळी विसरले, संध्याकाळी आठवण झाली तेव्हा घेतली. दुसऱ्या दिवशी दुप्पट घ्यायची नाही हे मात्र तोवर पक्कं ठाऊक झालं होतं. पहिल्या महिन्यात सांधे ठणकत. पायराझिनामाइडने युरिक अॅसिड वाढतं, त्यातलाच प्रकार निघाला.

खरी गंमत (आज गंमत म्हणते) पाचव्या आठवड्यात झाली. मळमळ तर पहिल्यापासून होतीच, पण आता दिवसभर टिकायला लागली. जेवणाचा नुसता वास नकोसा झाला. जिना चढताना पाय गळून जात. आणि वाईट म्हणजे खोकला, ताप जवळजवळ गेला होता. म्हणजे आजाराने नाही, औषधानेच मी आजारी, असं मनाने घेतलं. निम्म्याच गोळ्या घ्याव्यात, पोटाला आराम पडेल, हा विचार दोन दिवस डोक्यात घोळत होता. एका सकाळी तर अर्ध्या बाजूलाही काढून ठेवल्या. ताईने त्या पाहिल्या. काही बोलली नाही, सरळ दवाखान्यात घेऊन गेली.

तिथे डॉक्टरांनी आधी खिडकीपाशी नेऊन माझ्या डोळ्यांचा पांढरा भाग पाहिला. लघवीचा रंग आधीच बदललेला असल्याने कावीळ त्यावरून ओळखणं कठीण जातं, म्हणून डोळे पाहायचे. डोळे किंचित पिवळे होते. रक्तात यकृताचं एक एन्झाइम, ज्याची मर्यादा 40 च्या आसपास असते, ते 312. सगळ्या गोळ्या त्याच दिवशी बंद.

मी म्हटलं, मला तर मधेच थांबवू नका असं सांगितलं होतं! ते म्हणाले, "तुम्ही तुमच्या मनाने थांबवू नका, असं सांगितलं होतं. निम्म्या घेतल्या असत्या तर यकृतही बिघडलं असतं आणि जंतूही शेफारले असते." तापासाठी मी परस्पर पॅरासिटामॉल घेत होते आणि कुणी ताकदीची म्हणून दिलेली वनौषधीही, हे तेव्हा कबूल केलं. दोन्ही बंद झालं. दारूही अजिबात चालत नाही, पण माझ्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता.

तीन आठवड्यांनी रक्त जागेवर आलं. मग औषधं सुटी सुटी सुरू झाली. आधी रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल, काही दिवसांनी रक्त तपासून आयसोनियाझिड. पायराझिनामाइड पुन्हा दिलंच नाही, आणि ते नसल्याने सहा महिन्यांचा कोर्स नऊ महिन्यांचा झाला. मी त्या दिवशी रडले. तीन महिने जास्त!

इथॅम्ब्युटॉल चालू होतं तोवर दर रविवारी एक डोळा झाकून वर्तमानपत्र वाचायचं, मग दुसरा. लाल-हिरवा रंग फिकट वाटला किंवा धूसर दिसलं तर त्याच दिवशी कळवायचं होतं, कारण हे औषध डोळ्याच्या नसेवर परिणाम करू शकतं. माझं काही बिघडलं नाही, पण त्या नादात नऊ महिन्यांत पेपर इतका बारकाईने वाचला की शब्दकोडीही सुटू लागली.

बाकीचे महिने कंटाळ्याचे. वजन वाढलं, थुंकीत जंतू दिसेनासे झाले, आणि तरी रोज सकाळी त्याच गोळ्या. कॅलेंडरवर ताई फुली मारायची, मी नाही. माझ्यावर विश्वास नव्हता तिचा.

शेवटचा डोस घेतल्यानंतर तिसऱ्या सकाळी बाथरूममधून पुन्हा तिला ओरडून हाक मारली. ती धावत आली.

"काय झालं?"

"पिवळी आहे गं! नेहमीसारखी!"