चौथी स्प्रिंग

फाटकातून आत येताना नालीवरच्या लोखंडी पट्टीला गाडी घासली. तो आवाज ऐकूनच मी हातातला चहा खाली ठेवला. स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस, 2017 ची, लाल. चाक आणि मडगार्डच्या मधे जेमतेम दोन बोटं शिरतील एवढी फट. चालवणारा बदनापूरकडचा भैय्या, पंचविशीतला. मागच्या सीटवर त्याचे वडील, एक हात वरच्या दांडीला घट्ट. गाडी थांबली तरी त्यांनी दांडी सोडली नव्हती.

"काका, समोरच्या शॉकअपचं तेल गळायलंय. जोडी बदलून टाका, बाकी काही नाही."

"अन् माझ्या मणक्याचं काय?" मागून आबा.

संभाजीनगरच्या बीड बायपासला मी वीस वर्षं हेच गॅरेजचं काम करतोय. ऑक्टेव्हिया तर आमच्या गावचीच गाडी. 2001 पासून इथं शेंद्र्याच्या कारखान्यात जुळायची, त्यामुळं तिची खालची बाजू मला तोंडपाठ. त्यातली आरएस कंपनीनंच साध्या गाडीपेक्षा जरा खाली, जरा कडक ठेवलेली. त्यावर या पोरानं पुण्याला जाऊन गाडी आणखी 35 मिलिमीटर खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा टाकल्या. शॉकअप मात्र जुनेच राहू दिले. गोम तिथंच होती.

स्प्रिंग गाडी उचलून धरते, शॉकअप तिला आवरतो. दबलेली स्प्रिंग परत उसळते तेव्हा तिचा जोर शॉकअपमधलं तेल खातं. कंपनी दोघांची जोडी जुळवून देते. स्प्रिंग कडक केली आणि शॉकअप तोच ठेवला तर उसळी आवरायला तो कमी पडतो, गाडी एका धक्क्याला दोन-तीनदा हेलकावते. शिवाय गाडी 35 मिलिमीटर खाली आली म्हणजे चाकाला वर जायला तेवढीच जागा कमी. ती संपली की चाक थेट बंप स्टॉपरवर. स्टॉपर म्हणजे शॉकअपच्या दांड्यावर ओवलेला फोमचा गट्टू. तो अडीनडीला वापरायचा असतो, रोज नाही.

डावीकडचं चाक काढलं. शॉकअप तेलानं माखलेला, त्यावर धुळीचा थर, आणि स्टॉपरचा हातात आल्या आल्या भुगा झाला. मी म्हटलं, "भैय्या, नवे टाकतो. पण या स्प्रिंगांवर ते किती दिवस टिकतील ते मला विचारू नको. जुन्या स्प्रिंगा हायेत का?"

आबांनी डिकीतून पोतं काढलं. पोराला न सांगता टाकून आणलं होतं. आत तीनच स्प्रिंगा.

"चौथी?"

"आखाड्यावर, शेतातल्या घरी. माठाखाली."

भैय्या तापला. समृद्धीवर 120 ला गाडी कशी रुळावरून चालल्यासारखी जाते, वळणाला अंग कसं टाकत नाही, हे त्यानं हातवारे करून सांगितलं. तो खोटं बोलत नव्हता. तसल्या सपाट काँक्रीटवर आखूड, कडक स्प्रिंग मजा देते, आणि तिला जुळणारे आखूड दांड्याचे शॉकअप घेतले असते तर मी एवढा वाद घातलाही नसता. ग्राइंडरनं कंपनीच्या स्प्रिंगेचे वेढे कापून आणणाऱ्यांपेक्षा हा पोरगा शंभर पटीनं बरा. पण त्याचं गाव समृद्धीवर नाही.

वाद घालण्यापेक्षा मी उजव्या, कोरड्या शॉकअपचं धुळीचं रबर वर सारलं आणि दांड्याला प्लास्टिकचा टाय आवळला, खाली सरकवून शॉकअपच्या तोंडाशी टेकवला. चाक जेवढं वर जाईल तेवढा टाय वर ढकलला जातो आणि तिथंच राहतो. टाय आणि स्टॉपर यांच्यात मोकळी जागा मोजली, 28 मिलिमीटर. म्हटलं, "चला, चौथी आणू."

चिकलठाणा, शेंद्रा, करमाड. करमाडला चहाला थांबलो तेव्हा मी वाकून बॅटरी मारली. टाय अजून स्टॉपरच्या बोटभर खाली. भैय्या हसला. मीही काही बोललो नाही.

बदनापूरहून आत वळलो आणि काळी माती सुरू झाली. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तडकते, आणि वरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर वरखाली होतो. खड्डे बुजवता येतात, या लाटा बुजत नाहीत. भैय्या चाळीसच्या वर नव्हता. पहिली लाट गाडीनं झेलली. दुसरीला ती अजून हेलकावतच होती, तोवर तिसरी आली. धाड्! आबांची टोपी छताला. पुढं गावात गतिरोधक. नियमातला गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मधोमध 10 सेंटिमीटर उंच असतो, त्यावरून गाडी सावकाश चढून उतरते. हा हातभर रुंद, रात्रीत कुणी ओतलेला. भैय्यानं सवयीनं गाडी तिरकी घातली, तरी खालचा इंजिन ऑइलचा चेंबर लागलाच.

आखाड्यावर बाभळीखाली गाडी लावली, चाक पूर्ण वळवलं आणि भैय्यालाच म्हटलं, "तू बघ."

तो बराच वेळ उकिडवा बसून राहिला. टाय स्टॉपरच्या फोममधे रुतून बसला होता.

"प्रत्येक लाटेला?"

"तिसरीला नक्की. परत जाताना मोज."

स्प्रिंग मिळवणं त्याहून अवघड निघालं. भैय्याच्या आईनं दोन उन्हाळे तिच्यावर माठ ठेवलेला, तिला ती सोडवेना. "लोखंडाची हाय, हालत नाही, उंदीर चढत नाही." शेवटी चार विटा रचून माठ तिथं गेला. स्प्रिंगेवर क्षारांचा पांढरा थर होता. फडक्यानं घासला तसे वेढ्यावरचे रंगाचे ठिपके वर आले. पोत्यातल्या समोरच्या स्प्रिंगेवर तेच, त्याच क्रमानं. कुठल्या वजनाच्या गाडीला कुठली स्प्रिंग, ते या ठिपक्यांवरून जुळवायचं, नाहीतर डावी-उजवी उंची वेगळी येते. मला धास्ती गंजाची होती. गंजाचा बारीक खड्डा पडला की स्प्रिंग एक दिवस तिथंच तुटते. पण वरचं कोटिंग शाबूत होतं, टोकापर्यंत.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या चारही स्प्रिंगा, समोर नवे शॉकअप, नवे स्टॉपर, नवी रबरं. मागचे टायर आतल्या कडेला खाल्लेले निघाले, गाडी खाली बसवल्यावर अलाइनमेंट कुणी केलंच नव्हतं. ते करून घेतलं.

गाडी उभी केली तर भैय्याचं तोंड पडलं. "काका, उंटासारखी दिसायली."

बायपासला एक चक्कर मारून आलो. आबा मागं. मी आरशातून बघत होतो. त्यांनी चंची काढली, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला आणि उड्डाणपुलाचे सगळे जोड ओलांडेस्तोवर मळत राहिले. कण सांडला नाही. दांडीकडं हात गेलाच नाही. परत आल्यावर त्यांनी चिमूट मला देऊ केली. मी खात नाही, पण त्या दिवशी घेतली.

काढलेल्या स्प्रिंगांपैकी एक भैय्या आईसाठी घेऊन गेला, बाकीच्या तीन अजून माझ्या माळ्यावर आहेत. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. गाडी छान चालली होती. तक्रार आईची होती. नवी स्प्रिंग आखूड, माठ दोन इंच खाली आलाय, आणि वगराळं बुडवायला तिला वाकावं लागतंय.